दुमडलेली तसबीर

मी एक जुनी तसबीर आहे. जुनी म्हणजे चांगलीच जुनी. माझ्यात रंगवलेल्या माणसांपैकी आज एकही हयात नाही, आणि मला पाहून पहिल्यांदा 'वा, वा' म्हणाले तेही कधीच गेले. मित्रांनो, तुम्ही या संग्रहालयात येता, माझ्यासमोर घटकाभर थांबता, नाचणारी माणसं बघून हसता आणि पुढच्या दालनात पळता. पळा बापडे. पण आज जरा थांबा. मला मोठाल्या गप्पा मारायची हौस नाही, पण एक गोष्ट माझ्या जिवाला लागून राहिली आहे, ती सांगते.

माझा जन्म एका उत्सवातून झाला. गावच्या नदीवर पूल बांधून झाला आणि तो खुला करायच्या दिवशी चौकात मोठा जल्लोष झाला. पताका लागल्या, बँड वाजला. चौकात एक उंच चौथरा केला होता. त्यावर गालिचे, खुर्च्या, रेशमी छत्र्या, आणि त्या छत्र्यांखाली गावची बडी मंडळी. खाली चौकात बाकीचे सगळे: हमाल, गवंडी, लोहार, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं. पूल यांनीच उभा केला होता. मधे एक जाडजूड दोर ताणलेला. उत्सव सगळ्यांचा, पण दोर ओलांडायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

त्या दिवसाचं मोठं चित्र काढायचं काम नगरसभेनं एका चित्रकाराला दिलं. लोक त्यांना रंगबुवा म्हणत. माणूस भलता हट्टी! अंदाजानं तोंडं काढणं त्यांना मान्यच नव्हतं. ज्याचं तोंड काढायचं, तो माणूस समोर उभा पाहिजे म्हणजे पाहिजे. चौथऱ्यावरची मंडळी एकेक करून त्यांच्या कामाच्या खोलीत येऊन बसून गेली. ते ठीक होतं. पण मग बुवांनी दोराखालच्या लोकांनाही बोलावणी धाडली, तेव्हा लोक हसले. "अहो बुवा, खालच्यांची तोंडं कोण बघतंय? नुसते ठिपके मारा की!"

"ठिपके नाचत नाहीत," बुवा म्हणाले आणि ब्रश पुसत बसले.

म्हणून माझ्या खालच्या अंगात एकही ठिपका नाही. सगळी जिवंत माणसं आहेत. आणि त्यांच्यातच, अगदी मधोमध, चौथऱ्याच्या पायाशी, एक हमाल नाचतो आहे. त्याच्या खांद्यावर त्याची लेक बसली आहे. तिनं कागदी निशाण उंच धरलं आहे आणि तिच्या अंगात पांढराशुभ्र, गळ्याला झालर लावलेला फ्रॉक आहे. नाव काहीही असो, घरात तिला भिंगरी म्हणत.

हमालाच्या पोरीला असला फ्रॉक कुठून आला, असं तुम्ही विचाराल. सांगते. भिंगरीची आई लोकांची धुणी धुवायची. नगरसभेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणत, त्यांच्या घरचं धुणंही तिच्याकडेच असे. साहेबांना भिंगरीच्याच वयाची एक मुलगी होती. उत्सवाच्या दिवशी ती बिचारी तापानं अंथरुणात पडलेली, आणि तिचा फ्रॉक इकडे दोरीवर वाळलेला. भिंगरीचा स्वतःचा एकुलता एक फ्रॉक विटून गेलेला. आईला राहवलं नाही. "दुपारपर्यंतच हं," असं बजावून तिनं तो लेकीच्या अंगात चढवला. "आणि काही सांडलंस ना, तर बघ!" लेकीनं काही सांडलं नाही. कुणी ओळखलंही नाही. फक्त रंगबुवांच्या नजरेत नेमकी तीच पोर भरली, आणि चित्रासाठी उभं राहायला बोलावताना त्यांनी निरोप दिला, त्या दिवशीचाच फ्रॉक घालून या.

झालं! तो फ्रॉक तर केव्हाच साहेबांच्या घरी परत गेला होता. पुढच्या धुण्यात फ्रॉक पुन्हा येईपर्यंत तिनं काहीबाही सबबी सांगितल्या, आणि तो आल्यावर पोरीला घालून बुवांसमोर आणलं. बुवा रंगवत होते आणि आई दाराशी उभी राहून ब्रशवर नजर ठेवून होती. रंगाचा एक थेंब जरी उडाला असता, तरी तिचं साहेबांकडचं काम गेलंच होतं. तो काही उडाला नाही. उलट माझ्यावरचा तो पांढरा रंग इतका सुरेख उतरला की पुढे सगळा घोटाळा त्यानंच केला.

मला नगरसभेच्या दालनात टांगलं. पहिली काही वर्षं फार कौतुकाची गेली. चौथऱ्यावरचे लोक येऊन आपापल्या छत्र्या ओळखायचे, आणि दोराखालचे लोक दालन सर्वांसाठी उघडं असे त्या दिवशी येऊन आपापली तोंडं शोधायचे. "हा बघ तुझा चुलता, तोंड वासून कसा उभा आहे!" असं म्हणून खिदळायचे. मला दोन्ही आवडायचं.

मग गावात तापाची साथ आली. साथ काही दोर बघून थांबत नाही. साहेबांची लेक गेली, आणि त्याच आठवड्यात भिंगरीही गेली. पुढे वर्षभरात हमालही गेला, ओझं पाठीवर असतानाच. साहेबांच्या लेकीचं एकही चित्र काढलेलं नव्हतं. काढू काढू म्हणताना राहून गेलं होतं. भिंगरीचं मात्र होतं. माझ्यात होतं.

तिच्या आईनं धुण्याचं काम सोडलं आणि दालनाची फरशी पुसायचं काम धरलं. लोक तिला फरशीवाली मावशी म्हणू लागले. रोज सकाळी ती दालन उघडायची, बादली खाली ठेवायची आणि पहिल्यांदा माझ्याकडे यायची. "काय गं भिंगरे, बापानं नीट धरलंय ना?" असं विचारायची. मग पदरानं डोळे पुसायची आणि कामाला लागायची. मित्रांनो, माझं खूप लोकांनी कौतुक केलं, पण माझी खरी गरज तेवढ्या एकीलाच होती.

आणि तेव्हाच माझ्यावर संकट आलं.

दालनात मेजवान्या होऊ लागल्या होत्या. थोरल्या साहेबांनी भिंतीला अर्ध्यापर्यंत लाकडी फळ्या मारून घेतल्या, तेव्हा मी त्या जागेत बसेना. माझी उंची जास्त झाली. साहेब माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हातानं हवेत एक आडवी रेघ मारली. "इथून खालचं कापून टाका. तसंही लोक इथं जेवायला बसतात. ही घामट तोंडं समोर कशाला?"

चौकटी करणाऱ्या सुतारावर ते काम आलं. साधा, भिडस्त माणूस होता. त्यानं मला खाली उतरवून जमिनीवर निजवलं, पट्टी लावली, खडूनं रेघ ओढली आणि पाजळलेला सुरा हातात घेतला. मी काय बोलणार! मला तोंडं पुष्कळ होती, पण बोलणारं एकही नव्हतं. तेवढ्यात मावशीनं हातातलं फडकं टाकलं आणि ती येऊन माझ्यावर आडवीच झाली.

"दादा, तुझ्या पाया पडते. माझी माणसं आहेत रे ही."

"वहिनी, उठा. साहेब आत्ता येतील."

"येऊ देत. आधी मला काप."

सुताराची पंचाईत झाली. हमाल त्याच्या ओळखीचा होता. पण साहेबांची कामं गेली असती, तर त्याचीही चूल थंड पडली असती. तो बराच वेळ सुऱ्याच्या पात्यावर अंगठा फिरवत बसला. मग त्यानं सुरा म्यान केला आणि घाईघाईनं माझ्या लाकडाचे खिळे उपटायला सुरुवात केली. कापड न कापता त्यानं आतली लाकडी चौकट आखूड केली, आणि माझं खालचं अंग मागे दुमडून पाठीवर खिळलं. वरून एक पातळ फळी स्क्रूनं बसवली. दोराखालची सगळी माणसं उलटी होऊन, पाय वर, डोकं खाली, माझ्या पाठीशी अंधारात गेली.

साहेब आले. माझ्याभोवती एक चक्कर मारली. "मागे जाड का लागतंय?"

"भिंतीला ओल आहे, साहेब," सुतार म्हणाला. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. "म्हणून फळी दिली."

"कापलेला तुकडा?"

"चुलीत घातला, साहेब."

"बरं केलंस," म्हणून साहेब निघून गेले, आणि सुतारानं मला पुन्हा भिंतीवर टांगलं.

पण घाईत त्याच्याकडून एक चूक झाली होती. साहेबांनी हवेत मारलेली रेघ त्यानं जशीच्या तशी धरली, ती नेमकी भिंगरीच्या कमरेवरून गेली. तिचा बाप, त्याचा खांदा, तिचे पाय, सगळं मागे गेलं. पुढे राहिली ती अर्धी भिंगरी. पांढरा फ्रॉक, झालर, हातात निशाण, आणि मागे लगेच चौथऱ्यावरच्या रेशमी छत्र्या. खाली धरणारा कुणी दिसेना, तेव्हा ती जणू वरच्याच मंडळींतली वाटू लागली.

पुढच्याच मेजवानीला साहेबांच्या पत्नी, बाईसाहेब, माझ्यासमोरून जाताना थबकल्या. लेक गेल्यापासून रडून रडून त्यांची नजर अधू झाली होती. तोंडं त्यांना ओळखू येत नसत. पण फ्रॉकची झालर त्यांनी ओळखली. त्यांनी साहेबांचा हात गच्च धरला. "अहो, ही आपली का हो? ती तर त्या दिवशी घरी होती ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. लेक गेल्यापासून त्या तोंडावर असा उजेड त्यांनी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "हो. बुवांना मीच सांगितलं होतं, तिलाही घाला म्हणून."

मावशी दोन पावलांवर सांडलेलं पाणी पुसत होती. तिनं सगळं ऐकलं. तिचा हात फरशीवर तसाच थांबला.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं फार वाईट गेली. बाईसाहेब आता वरचेवर यायच्या, माझ्यासमोर खुर्ची टाकून बसायच्या आणि भिंगरीशी बोलायच्या, "बाळा, दमलीस का गं उभी राहून?" असं विचारायच्या. मावशी खांबाआडून ऐकायची आणि ओठ चावायची. आपल्याच लेकीला ती आता चोरून हाक मारत होती. बोलायची सोय नव्हती. बोललं तर फ्रॉकचं बिंग फुटणार, आणि त्याहून वाईट म्हणजे फळी निघणार आणि सुतार फुकट मरणार.

एकदा तिनं त्याला जिन्यात गाठलंच. "दादा, माझी पोर परक्याच्या घरी गेल्यासारखी झालीय रे. जीव जातो माझा."

"वहिनी, निदान दिसतेय तरी," सुतार हात जोडून म्हणाला. "गप्प राहा. माझ्या पोराबाळांकडे बघा."

ती गप्प राहिली. किती गप्प राहिली, ते मला माहीत. थोरले साहेब वारले, त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब, अध्यक्ष झाले, तरी ती गप्पच होती. मला मात्र रोज वाटायचं, पाठीवरचे खिळे आपोआप निघावेत आणि सगळा गोतावळा धबाधबा खाली पडावा. पण तसबिरींची इच्छा कोण विचारतो!

मग पुलाचा मोठा वाढदिवस आला. दालनात दुपारची मेजवानी होती. बाईसाहेबांना अगदी माझ्यासमोर बसवलं होतं. धाकट्या साहेबांनी आईसाठी एक पितळी पाटी करवून आणली होती. तिच्यावर त्यांच्या बहिणीचं नाव कोरलं होतं, आणि ती पाटी भिंगरीच्या खाली माझ्या चौकटीवर बसवायची होती. ती बसवायला बोलावला होता तोच आपला सुतार. आता त्याचे केस पिकले होते. साहेबांनी पाटी सगळ्यांना दाखवली, पाहुण्यांनी माना डोलावल्या. सुतारानं पाटी माझ्यावर धरली आणि पेचकस उचलला.

"थांब, दादा."

मावशी हातात ओलं फडकं घेऊन उभी होती. सगळं दालन तिच्याकडे वळलं. मेजवानीत फरशी पुसणारी बाई बोलते, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"ती माझी आहे," ती म्हणाली. "ती भिंगरी आहे. माझी लेक. तिच्यावर दुसऱ्याचं नाव नका लावू हो."

कुणीतरी हसलं. धाकटे साहेब लालबुंद झाले. "मावशी, शुद्धीवर आहात ना? हा फ्रॉक आमच्या घरचा आहे. आई ओळखते."

"फ्रॉक तुमचाच, साहेब. धुण्यातला. मी घातला होता तिला." हे बोलताना तिनं मान खाली घातली नाही.

"असं? आणि हिचा बाप कुठाय मग?"

मावशीनं सुताराकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती पुढे एक अक्षर बोलली नाही. त्याचं नाव तिच्या तोंडून येणार नव्हतं, हे त्यालाही कळलं आणि मलाही. साहेब पुन्हा म्हणाले, "बोला ना! बाप कुठाय?"

"भिंतीकडे तोंड करून आहे, साहेब," सुतार म्हणाला.

त्यानं पितळी पाटी टेबलावर ठेवली. मला दोन्ही हातांनी उचलून खाली घेतलं आणि सगळ्यांकडे माझी पाठ केली. एकेक स्क्रू निघाला आणि फळी धाडकन पडली.

इतक्या वर्षांनी माझ्या पाठीवर उजेड आला. बडे लोक माना वाकड्या करून, वाकून बघू लागले. उलटे गवंडी, उलटे लोहार, उलट्या बायका, सगळे नाचत होते. पण जिथं कापड दुमडलं होतं, तिथला रंग केव्हाच गळून गेला होता. हमालाला तोंडच उरलं नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसतं उघडं कापड.

"याला तर तोंडच नाही!" धाकटे साहेब म्हणाले. "कुणाचाही बाप असेल."

मावशी पुढे झाली. नवऱ्याला ती कितीतरी वर्षांनी बघत होती. "तोंड गेलं तर गेलं," ती म्हणाली. "हात बघा त्याचे. पोरीला सोडलंय का त्यानं?"

सोडलं नव्हतं. हमालाचे दोन्ही हात शाबूत होते आणि त्यांनी भिंगरीचे घोटे घट्ट धरलेले होते.

"मला तिथं ने," बाईसाहेब म्हणाल्या. धाकटे साहेब म्हणाले, "आई, राहू दे, चल घरी." पण त्या उठल्या आणि चाचपडत माझ्यापर्यंत आल्या. या म्हातारीच्या हातून आपण काय काढून घेतलं, हे मावशीला आत्ता उमगलं होतं. कारण ती स्वतः तेच दुःख घेऊन इतकी वर्षं फरशी पुसत होती.

"म्हणजे माझ्या लेकीचं चित्र नाहीच," बाईसाहेब म्हणाल्या.

मावशीला खोटं बोलता आलं असतं. निदान गप्प तरी राहता आलं असतं. "नाही, बाई," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. "नाही हो."

बाईसाहेबांनी मान हलवली. मग त्यांनी हात पुढे केला आणि बोटांनी माझं कापड चाचपलं. पोरीचे पाय जिथं होते तिथं बोटं आली, तेव्हा रंगाचे उंचवटे त्यांना लागले. बराच वेळ त्या ते चाचपत राहिल्या.

"पोरीच्या पायांत काही नाही का गं?"

"नाही, बाई. फ्रॉक तेवढा मिळाला होता."

पितळी पाटी त्या दिवशी तशीच राहिली. सुताराला पुन्हा त्या दालनात कधी बोलावलं गेलं नाही, हेही सांगायला हवं. भिंतीवरच्या फळ्या काढून मला उलगडायचा हुकूम मात्र बाईसाहेबांनीच दिला, आणि मी पुरती उलगडले तेव्हा त्यांनी माझ्यासमोर एकाऐवजी दोन खुर्च्या ठेवायला लावल्या. दुसऱ्या खुर्चीवर मावशी पहिल्यांदा बसली ती अगदी कडेला, उठायच्या तयारीत. बाईसाहेब म्हणाल्या, "मला दिसत नाही. खाली कोण कोण नाचतंय, ते सांग." आणि मावशीनं एकेकाला बोट लावून सांगायला सुरुवात केली.

मित्रांनो, आम्हा तसबिरींना ओल लागू देऊ नका, ऊन लागू देऊ नका, एवढं तर तुमचे गुरुजी सांगतातच. माझं मागणं थोडं वेगळं आहे. कुठं जल्लोष चालला असेल आणि तुम्हाला उंच जागा मिळाली असेल, तर खुशाल निशाण हलवा. पण तुम्हाला खालून कुणीतरी धरलेलं असतं. त्याचं तोंड दिसत नसलं, तरी एकदा वाकून त्याला विचारा, "बाबा, दमलास का?"